भिंत तयार होईपर्यंत

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर तासभर बसलं, तर हा संवाद कधी ना कधी कानावर पडतोच. दौंड, फलटण नाहीतर शिरूरकडून आलेलं कुटुंब असतं. पेशंटला स्वादुपिंडाची तीव्र सूज, म्हणजे अक्यूट पॅन्क्रियाटायटिस झालेला असतो. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाचा बराच भाग मेलेला दिसतो, आजूबाजूला पाणी साठलेलं असतं. आणि डॉक्टर म्हणतात, "आत्ता हात लावायचा नाही. तीन-चार आठवडे थांबू." थोरला भाऊ किंवा मामा वैतागतो. "आत सडलंय म्हणता, मग काढून का टाकत नाही, डॉक्टरसाहेब?"

प्रश्न रास्त आहे. गँगरीन झालेलं बोट कापतात, पिकलेलं अपेंडिक्स त्याच रात्री काढतात. मग इथेच थांबायचं कशाला? तो महिना कसाबसा निघतो आणि तेच डॉक्टर सांगतात, की पोट फाडायचं नाही; तोंडावाटे दुर्बीण घालू, जठराच्या भिंतीला भोक पाडू आणि तिथून घाण बाहेर काढू. हे ऐकून माणसं आणखी गडबडतात. अल्सर फुटून जठराला भोक पडलं की माणसाच्या जिवावर बेततं, एवढं तर सगळ्यांना ठाऊक असतं. आणि हे मुद्दाम भोक पाडणार?

थांबणं आणि भोक पाडणं या दोन्ही गोष्टी एकमेकांवर अवलंबून आहेत. पण त्याआधी पोटात नेमकं काय घडतं ते पाहू.

रस जागेवरच कामाला लागतो

स्वादुपिंड जठराच्या अगदी मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवं पसरलेलं असतं. लांबी साधारण वीतभर, वजन शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर. त्याची दोन कामं. एक, इन्शुलिन बनवून थेट रक्तात सोडायचं. दुसरं, रोज एक ते दीड लिटर पाचक रस तयार करून नळीवाटे लहान आतड्यात पोचवायचा. या रसात प्रथिनं, चरबी आणि पिष्ट पदार्थ फोडणारी विकरं असतात. मांस पचवणारा रस मांसाच्याच बनलेल्या अवयवाला का पचवत नाही, याचं उत्तर असं की प्रथिनं फोडणारं ट्रिप्सिन स्वादुपिंडातून निघताना निष्क्रिय रूपात असतं. आतड्यात पोचल्यावर तिथल्या अस्तरातलं दुसरं एक विकर त्याला जागं करतं, आणि जागं झालेलं ट्रिप्सिन बाकीच्यांना जागं करतं.

पॅन्क्रियाटायटिसमध्ये हे जागं होणं आतड्यात न होता स्वादुपिंडाच्या पेशीतच होतं. हा अवयव स्वतःलाच पचवत असावा, ही कल्पना हान्स किआरी या शवविच्छेदनतज्ज्ञाने १८९६ मध्येच मांडली होती. सुरुवात व्हायला कारणं अनेक आहेत, पण आपल्याकडच्या रुग्णालयांत दोनच मोठी: पित्ताशयातून घसरून नळीच्या तोंडाशी अडकलेला खडा आणि दारू. त्याखालोखाल रक्तातली ट्रायग्लिसराइड्स हजाराच्या वर जाणं, काही औषधं, क्वचित कॅल्शियम वाढणं. वरच्या पोटात सुरू होऊन पाठीत आरपार जाणारी, पुढे वाकून बसलं की थोडी सुसह्य होणारी वेदना ही त्याची ओळख. पुष्कळजण पहिली रात्र ॲसिडिटीची गोळी घेऊन काढतात.

सुटलेल्या रसातली चरबी फोडणारी विकरं आजूबाजूच्या चरबीवर तुटून पडतात. त्यातून मोकळी झालेली स्निग्धाम्लं कॅल्शियमशी जुळतात आणि पोटात अक्षरशः साबण तयार होतो. रसायनशास्त्राच्या तासाला शिकवतात तीच ही क्रिया. जुन्या काळी अशी पोटं उघडणाऱ्या सर्जनना पिवळ्या चरबीवर पांढरे ठिपके विखुरलेले दिसायचे, ते हेच. एवढं कॅल्शियम तिकडे खर्च झालं की रक्तातलं कॅल्शियम खाली येतं. गंभीर पेशंटच्या रक्ततपासणीत डॉक्टर या आकड्याकडे लक्ष ठेवतात त्याचं कारण हेच.

दहातल्या साधारण आठ जणांची सूज आठवडाभरात ओसरते आणि ते घरी जातात. हा लेख उरलेल्या दोघांबद्दल आहे.

पहिले दोन आठवडे: लढाई स्वादुपिंडाबाहेरची

या दोघांच्या बाबतीत सूज पोटापुरती राहत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा इतक्या जोरात पेटते की सगळीकडच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातलं पाणी पोटात, फुप्फुसांत, हातापायांत उतरतं. रक्तदाब घसरतो, लघवी कमी होते, श्वास लागतो. फुप्फुस, मूत्रपिंड किंवा रक्ताभिसरण यांतलं काही ४८ तासांहून जास्त काळ बंद पडलं तर त्या आजाराला 'गंभीर' म्हणायचं, अशी व्याख्या २०१२ मध्ये सुधारलेल्या अटलांटा वर्गीकरणात केली आहे. रक्तातल्या चरबी फोडणाऱ्या विकराचा, म्हणजे लायपेजचा, आकडा किती हजारांवर गेला यावरून गांभीर्य ठरत नाही. नातेवाईक मात्र तोच आकडा रोज विचारत असतात.

या काळात मेलेला भाग काढून काहीच साधत नाही, कारण पेशंटला मारत असते ती शरीरभर पसरलेली प्रतिक्रिया. जिवंत आणि मेलेला भाग एकमेकांत मिसळलेले असतात, सगळं सुजलेलं आणि रक्ताळलेलं असतं. तिथे हात घातला तर रक्तस्राव थांबता थांबत नाही. म्हणून पहिले दिवस जातात ते सलाइन, वेदनाशमन, ऑक्सिजन आणि अन्न यांत.

यातल्या सलाइनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे वैद्यकाने अलीकडेच आपलं मत बदललं. 'धो-धो सलाइन द्या' हा कित्येक वर्षांचा शिरस्ता होता. २०२२ मध्ये वॉटरफॉल नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. भारत, इटली, मेक्सिको आणि स्पेन या चार देशांतल्या २४९ रुग्णांत भरपूर आणि मध्यम अशा दोन मात्रांची तुलना केली होती. भरपूर सलाइन दिलेल्यांत आजार गंभीर होण्याचं प्रमाण कमी झालं तर नाहीच. उलट अंगात जास्त पाणी साठण्याचं प्रमाण २०.५ टक्के निघालं, मध्यम गटात ते ६.३ टक्के होतं. चाचणी मध्येच थांबवावी लागली. तेव्हापासून बाटल्या मोजून आणि पेशंटकडे बघून लावतात.

उपाशी ठेवण्याचंही तसंच. 'स्वादुपिंडाला विश्रांती' म्हणून आठ-आठ दिवस तोंडाला पाणी लावू न देणं आता मागे पडलं. आतड्याला अन्न मिळालं नाही तर त्याचं अस्तर कमकुवत होतं आणि आतले जंतू बाहेर झिरपून मेलेल्या भागात शिरतात. त्यामुळे जमेल तितक्या लवकर तोंडाने, नाहीतर नाकातून घातलेल्या बारीक नळीने अन्न देतात. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून आधीपासूनच भारी अँटिबायोटिक देऊन ठेवण्याचा मात्र फायदा दिसलेला नाही. संसर्ग झाल्यावर ती हवीतच.

गळू पिकू द्यावं तसं

आता त्या भिंतीकडे. ज्या घरात आजी आहे त्या घरात गळवाचा नियम कुणाला सांगावा लागत नाही: कच्चं गळू दाबायचं नाही. कच्चं असताना दाबलं तर पू आजूबाजूला पसरतो आणि दुखणं दुप्पट होतं. पिकलं, त्याला तोंड आलं, की टोचलं तरी पुरतं. स्वादुपिंडाभोवतीच्या मेलेल्या भागाचंही असंच आहे. पहिल्या दोन आठवड्यांत तो नुसता पसरलेला चिखल असतो, त्याला हद्द नसते. हळूहळू शरीर त्याच्याभोवती तंतुमय ऊतींचं वेष्टन घालतं. साधारण चार आठवड्यांत हे वेष्टन पुरेसं जाड होतं, मेलेला भाग जिवंत भागापासून सुटा होतो आणि थोडा पातळही होतो. विस्तीर्ण चिखलाची एक बंद पिशवी तयार होते. आपल्या नशिबाने ही पिशवी बहुतेकदा जठराच्या मागच्या भिंतीला चिकटून असते.

म्हणजे महिनाभर 'काही न करता' बसलेल्या डॉक्टरांसाठी पेशंटचंच शरीर ऑपरेशनची जागा तयार करत होतं. जठराला भोक पाडण्याची भीती का नाही, हेही इथेच कळतं. अल्सर फुटतो तेव्हा जठरातला ऐवज मोकळ्या उदरपोकळीत सांडतो. इथे भोकापलीकडे पोकळी नसते, चिकटून बसलेली दुसरी भिंत असते आणि तिच्या आत ती पिशवी.

थांबण्याचा आणखी एक फायदा आहे. नेदरलँड्समधल्या पॉइंटर चाचणीत मेलेल्या भागात जंतुसंसर्ग झालेल्या १०४ रुग्णांपैकी अर्ध्यांचा निचरा लगेच केला, बाकीच्यांना भिंत तयार होईपर्यंत अँटिबायोटिकवर ठेवलं. २०२१ मध्ये निकाल आला, तेव्हा लगेच निचरा केल्याने काही जास्त साधलं नाही, हे दिसलं. आणि थांबवलेल्या गटातल्या ३९ टक्के लोकांना निचरा करावाच लागला नाही. ते नुसत्या औषधांवर बरे झाले. 'सडलंय' म्हणजे काढायलाच हवं, हे आपलं गृहीतक शरीर प्रत्येक वेळी मान्य करत नाही. ताप नाही, उलट्या नाहीत, पेशंट जेवतोय, अशा वेळी स्कॅनवर मोठी पिशवी दिसली तरी तिला सोडून देतात.

चौकट : रिपोर्टमधले शब्द

सीटीच्या रिपोर्टात 'कलेक्शन' हा शब्द दिसला की घाबरायला होतं. कलेक्शन म्हणजे साठा. प्रश्न दोनच: त्यात नुसतं पाणी आहे की मेलेले तुकडेही आहेत? आणि चार आठवडे झाले का?

नुसतं पाणी आणि चार आठवड्यांच्या आत: 'फ्लुइड कलेक्शन'. बहुतेकदा आपोआप जिरतं.
नुसतं पाणी, चार आठवड्यांनंतर, भोवती वेष्टन: 'स्यूडोसिस्ट'. त्रास देत असेल तरच उपचार.
तुकडे आणि पाणी, चार आठवड्यांच्या आत: 'अक्यूट नेक्रोटिक कलेक्शन'. शक्यतो थांबायचं.
तुकडे आणि पाणी, वेष्टन पक्कं झालेलं: 'वॉल्ड ऑफ नेक्रोसिस', डॉक्टरांच्या बोलण्यात 'वॉन'. या लेखातला मुख्य विषय.

साठ्यात हवेचे बुडबुडे दिसले तर जंतुसंसर्गाची दाट शंका घेतात. तुकडे ओळखायला सीटीपेक्षा एमआरआय आणि एंडोस्कोपिक सोनोग्राफी सरस.

मोठा छेद मागे कसा पडला

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अशा पेशंटचं पोट उभं उघडून हाताने मेलेला भाग काढत. काही वेळा पोट शिवतच नसत, दर दोन दिवसांनी पुन्हा धुवायला लागे म्हणून. वाचलेल्यांना महिनोन्‌महिने जखम वाहायची, हर्निया व्हायचा, मधुमेह मागे लागायचा. हे सर्जन अकुशल नव्हते. आधीच कोसळलेल्या शरीराला मोठं ऑपरेशन झेपत नसे.

हे चित्र ज्या अभ्यासांनी बदललं ते मुख्यतः डच डॉक्टरांच्या एका गटाचे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पँटर चाचणीत ८८ रुग्ण होते. निम्म्यांचं थेट मोठं ऑपरेशन केलं. उरलेल्यांना आधी बाहेरून बारीक नळी घालून नुसता निचरा केला आणि त्याने भागलं नाही तरच छोट्या छेदातून साफसफाई केली. पायरी-पायरीने जाण्याच्या या गटात मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत ४० टक्क्यांत झाली, थेट ऑपरेशनवाल्यांत ६९ टक्क्यांत. आणि पायरी-पायरीने गेलेल्यांतल्या ३५ टक्के लोकांना नळीच पुरली; मेलेले तुकडे आत असूनही ते बरे झाले. दाबाखाली कोंडलेला पू बाहेर पडला की तुकडे शरीर स्वतः निस्तरतं, हा या चाचणीचा खरा शोध.

पुढचा प्रश्न ओघानेच आला: नळी कातडीतून घालायची की जठरातून? त्याच गटाची टेन्शन नावाची चाचणी २०१८ मध्ये आली. ९८ रुग्ण. मृत्यू आणि मोठ्या गुंतागुंती यांत दोन्ही मार्ग सारखेच निघाले, ४३ आणि ४५ टक्के. एंडोस्कोपीच्या उत्साही जाहिरातींमध्ये हा आकडा सहसा दिसत नाही. फरक पडला तो पुढच्या जगण्यात. पोटाच्या कातडीतून स्वादुपिंडाचा रस सतत वाहत राहणं, म्हणजे फिस्टुला, एंडोस्कोपीच्या गटात ५ टक्क्यांना झाला आणि दुसऱ्या गटात ३२ टक्क्यांना. रुग्णालयातला मुक्काम सरासरी ५३ दिवस विरुद्ध ६९ दिवस. ज्याने पोटाला पिशवी बांधून, कपडे ओले होत महिने काढलेत, त्याला ५ आणि ३२ मधला फरक समजावून द्यावा लागत नाही. जठरात उघडलेल्या वाटेने तोच रस जठरातच पडतो आणि आतड्यात वाहून जातो, एवढी साधी ही गोष्ट आहे.

भोक पाडतात तेव्हा

एंडोस्कोपीच्या खोलीत पेशंटला पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी घातलेली असते. ही काळजी घ्यावीच लागते, कारण पिशवी उघडली की एकदम लिटरभर घाण द्रव जठरात येऊ शकतो आणि तो घशातून फुप्फुसात गेला तर अनर्थ. दुर्बीण साधी नसते. तिच्या टोकाला सोनोग्राफीचं छोटं यंत्र असतं. साधी दुर्बीण जठराच्या भिंतीची फक्त आतली बाजू दाखवते, ही भिंतीपलीकडे बघते. अशा दुर्बिणीच्या मदतीने पिशवीचा थेट निचरा करण्याचं तंत्र जर्मनीत हॅम्बुर्गच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये दाखवलं.

पडद्यावर राखाडी रंगात पिशवीचा काळा गाळा दिसतो, त्यात मेलेल्या तुकड्यांचे पांढुरके पुंजके तरंगत असतात. डॉक्टर टोक इकडे-तिकडे फिरवून जागा शोधतात. जठर आणि पिशवी यांच्यातलं अंतर एक सेंटिमीटरच्या आत हवं. मग डॉप्लर चालू करतात. वाटेत रक्तवाहिनी असेल तर पडद्यावर लाल-निळे ठिपके चमकतात, तिथून सरकायचं. स्वच्छ जागा सापडली की विजेने तापणारं टोक असलेली नळी भिंतीतून आत ढकलतात आणि तिच्यातून स्टेंट सोडतात.

हा स्टेंट हृदयातल्या स्टेंटपेक्षा अगदी वेगळा. तारांच्या विणीचा, आवरण असलेला, डमरूच्या आकाराचा. मध्ये कंबर आणि दोन्ही टोकांना रुंद कडा. एक कडा पिशवीत उघडते, दुसरी जठरात, आणि दोघी मिळून दोन भिंती एकमेकींना दाबून धरतात. कंबर १५-१६ मिलिमीटर रुंद असते, काहींची २० सुद्धा. जठरातली कडा उघडली की कॉफीच्या रंगाचा, कधी हिरवट, घट्ट द्रव उसळून बाहेर येतो आणि दुर्बिणीला काही वेळ काही दिसेनासं होतं. नवखे डॉक्टर इथे घाबरतात. अनुभवी माणूस शोषणनळी चालू करून वाट बघतो. अर्ध्या तासात सगळं आटोपलेलं असतं. पुष्कळ पेशंटचा ताप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरतो.

पूर्वी अशा भोकात प्लॅस्टिकच्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या, दोन्ही टोकांना वेटोळं असलेल्या नळ्या घालत. अजूनही घालतात. धातूचा स्टेंट कित्येक पट महाग पडतो, म्हणून नातेवाईक विचारतात की स्वस्तातलं चालणार नाही का. नुसतं पाणी असेल तर प्लॅस्टिक उत्तम चालतं. तुकडे असतील तेव्हा बहुतेक डॉक्टर धातू निवडतात, कारण काम झटपट होतं आणि पुढे त्यातून दुर्बीण आत नेता येते. तरी ६० रुग्णांच्या एका चाचणीत दोन्हींचे निकाल जवळजवळ सारखे आले होते, हेही लक्षात असू द्यावं. हाताची सवय आणि वेळ सांभाळली तर प्लॅस्टिकने वाईट होत नाही.

आत शिरून केलेली सफाई

ताप हटला नाही, पिशवी रिकामी होईना, तर पुढची पायरी: दहा मिलिमीटर जाडीची दुर्बीण स्टेंटमधून थेट पिशवीत नेतात. विचार केला तर हे विलक्षण आहे. जठर ओलांडून माणसाच्या पाठीमागच्या, एरवी कुणालाही न दिसणाऱ्या जागेत कॅमेरा उभा असतो. दिसतं ते मात्र सुंदर नसतं. करड्या-काळ्या चिंध्या भिंतींवर लोंबत असतात, मधून एखादी उघडी रक्तवाहिनी दोरीसारखी आडवी गेलेली. जे सुटं आहे तेच फासाच्या तारेत पकडायचं, ओढून जठरात आणून सोडायचं, पुन्हा आत जायचं. ओढल्यावर जे सहज येत नाही ते अजून जिवंत असू शकतं. ते आज सोडून द्यायचं. जठरात टाकलेले तुकडे बाहेर काढत बसत नाहीत. मेलेलं मांसच ते, पेशंटचं आतडं ते पुढे पचवून टाकतं. आत फुंकायला साधी हवा वापरत नाहीत, कार्बन डायऑक्साइड वापरतात. उघड्या रक्तवाहिनीतून हवेचा बुडबुडा हृदयात गेला तर जीव जाऊ शकतो, कार्बन डायऑक्साइड रक्तात पटकन विरघळतो.

तास-दीड तास हे चालतं. काहींना दोन फेऱ्या लागतात, काहींना पाच. खूप जणांना लागतच नाहीत. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीमधल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये २०५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांत सुमारे तीन चतुर्थांश लोक नुसत्या धातूच्या स्टेंटवर बरे झाले. डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांनी उभारलेली ही संस्था या क्षेत्रात जगभर ओळखली जाते. मुंबईत डॉ. अमित मायदेव यांनी एंडोस्कोपी रुजवण्याचं काम केलं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी अशा पेशंटला घेऊन बाहेर जावं लागायचं, आता पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत ही सोय आहे.

सोय आहे म्हणजे दुर्बीण आहे, एवढ्याने भागत नाही. पिशवी जठरापासून लांब, कमरेच्या बाजूने खाली उतरली असेल तर तिथे एंडोस्कोपी पोचत नाही. रेडिओलॉजिस्ट डाव्या कुशीतून नळी घालतो, लागलं तर सर्जन त्याच वाटेने छोट्या छेदातून सफाई करतो. पिशवीतून जाणारी प्लीहेची धमनी कधी रसाने पोखरली जाऊन फुगते आणि फुटते. मग पेशंटला रक्ताची उलटी होते आणि मध्यरात्री अँजिओग्राफी करून ती वाहिनी आतून बुजवणारा माणूस हजर लागतो. एंडोस्कोपिस्ट, रेडिओलॉजिस्ट, सर्जन आणि आयसीयूचे डॉक्टर एकाच इमारतीत नसतील तर या उपचाराला हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रुग्णालय निवडताना नातेवाईकांनी 'स्टेंट टाकता का?' यापेक्षा 'रात्री रक्तस्राव झाला तर कोण येतं?' हे विचारावं.

स्टेंट काढायची तारीख

धातूचा स्टेंट कायमचा नसतो. पिशवी आटत गेली की तिची पलीकडची भिंत स्टेंटच्या कडेवर येऊन घासू लागते आणि तिथली रक्तवाहिनी फाटू शकते. २०१७ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका चाचणीत तीन आठवड्यांनंतर असे रक्तस्राव झाले, तेव्हापासून तिसऱ्या आठवड्यात स्कॅन करून चौथ्यापर्यंत स्टेंट काढायचा, हा पायंडा पडला. काढायला दहा मिनिटं लागतात. पण नेमका तेव्हा पेशंट ठणठणीत असतो, गावी गेलेला असतो, उसाची तोड चालू असते, आणि तारीख टळते. डिस्चार्ज कार्डावर ही तारीख लाल शाईने लिहून घ्यावी.

दुसरी एक अडचण दिसत नाही, म्हणून सांगतो. स्वादुपिंडाचा मधला भाग मेला तर त्यातून जाणारी नळीही तुटते. शेपटीकडचा भाग मात्र जिवंत असतो आणि रस बनवतच राहतो. त्याला आतड्याकडे वाट उरत नाही. स्टेंट काढल्यावर हा रस पुन्हा साठू शकतो. म्हणून धातूचा स्टेंट काढताना त्या जागी प्लॅस्टिकची नळी कायमची ठेवून द्यायची पद्धत पडली. हैदराबादच्याच डॉक्टरांनी १०४ रुग्णांवर चाचणी करून हे तपासलं आणि २०२२ मध्ये सांगितलं, की नळी ठेवल्याने साठा पुन्हा होण्याचं प्रमाण फारसं कमी होत नाही. यावर अजून वाद आहे. त्यामुळे एका डॉक्टरने नळी ठेवली आणि दुसऱ्याने नाही, तर त्यांतला कुणी चुकला असं समजू नये.

पैसा आणि नंतरचं वर्ष

महिनाभराचा आयसीयू, स्टेंट, दोन-चार एंडोस्कोपी, या हिशोबाने चांगलं कमावतं घरही मोडतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं हे पहिल्याच दिवशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. पुण्यातली अनेक मोठी रुग्णालयं धर्मादाय ट्रस्टची आहेत. त्यांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. कागदपत्रं वैद्यकीय समाजसेवकाकडे आधीच द्यावीत. बिल हातात आल्यावर धावपळ करून फार थोडं हाती लागतं.

खड्यांमुळे आजार झाला असेल तर पित्ताशय काढणं बाकी असतं. सौम्य सूज असेल तर त्याच मुक्कामात काढतात, पण गंभीर आजारात पोटातला साठा निवळेपर्यंत, साधारण सहा आठवडे किंवा जास्त, थांबतात. दारूमुळे झाला असेल तर दारू पूर्ण बंद, आणि तिच्याइतकीच तंबाखू-सिगारेटही. ती स्वादुपिंडाला वेगळी इजा करते, हे बहुतेकांना माहीत नसतं.

इन्शुलिन बनवणारा भाग मेला असेल तर मधुमेह होतो, कधी सहा महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी. स्वादुपिंडाच्या आजारातून येणाऱ्या मधुमेहाची चाल नेहमीच्या मधुमेहापेक्षा वेगळी असते. त्यातल्या एका प्रकारावर पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पूर्वी काम केलेलं आहे. म्हणून साखर तपासत राहायची आणि डॉक्टरला 'मला पॅन्क्रियाटायटिस झाला होता' हे आवर्जून सांगायचं.

पाचक रस कमी पडू लागला की शौचाला तेलकट, पाण्यावर तरंगणारं होतं आणि खाऊनही वजन उतरतं. त्यासाठी विकरांच्या कॅप्सूल मिळतात. त्या जेवणाआधी तासभर घेऊन उपयोग नाही, पहिल्या घासासोबत आणि जेवता-जेवता घ्यायच्या. या कॅप्सूलमधली विकरं डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेली असतात. शाकाहारी घरांत ही गोष्ट कुणी आधी सांगत नाही. मग सहा महिन्यांनी कुणीतरी इंटरनेटवर वाचतं, कॅप्सूल गुपचूप बंद होतात आणि पेशंट पुन्हा वाळत जातो. वनस्पतिजन्य पर्याय बाजारात आहेत, पण त्यांची ताकद या कॅप्सूलच्या तोडीची नाही. डॉक्टरांनी हे पहिल्याच चिठ्ठीच्या वेळी सांगावं आणि निर्णय पेशंटवर सोडावा.